चेहरा जुळत नाही

निवृत्तीनंतर माणसानं काय करावं, याबद्दल आमच्या सिंदेवाहीत प्रत्येकाचं मत ठाम असतं. कुणी म्हणालं शेती बघा, कुणी म्हणालं भजनी मंडळात या. आमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं एवढंच होतं, की काहीही करा पण दिवसभर घरात राहून माझ्या कामात नाक खुपसू नका. जन्मभर आयटीआयत फिटरच्या पोरांना कानस कशी धरायची ते शिकवलं. कानस घासून लोखंड सपाट करणं हे पाहायला सोपं, करायला महाकठीण. ते शिकवता शिकवता आवाज चढा झाला होता आणि तो घरात कुणालाच नको होता.

अशात नागपूरच्या एका संस्थेचा फोन आला. चंद्रपूर-गडचिरोलीच्या खेड्यापाड्यांतल्या कामगारांना, मजुरांना, बचत गटातल्या बायांना एआय वापरायला शिकवायचं आहे, तुम्ही शिकवाल का? मी म्हणालो, आधी मला कोणी शिकवा. त्यांनी शिकवलं. शिकवणाऱ्या मुलीचं वय माझ्या व्हर्नियर कॅलिपरपेक्षा कमी होतं, पण पोरगी हुशार होती. मी पहिल्या बाकावर बसून वहीत लिहून घ्यायचो आणि मागची तरणीबांड मंडळी मोबाइल बघत बसायची.

बाहेरच्यांना हे काम फार अवघड वाटतं. मी वर्गात असं सांगतो: समजा, आपल्याकडे एक शिकाऊ पोरगं आलं. जगातली झाडून सगळी पुस्तकं वाचलेलं, पण आयुष्यात कधी कानस हातात न धरलेलं. विचाराल त्याचं उत्तर देतं. माहीत नसलं तरी देतं, आणि इतक्या अदबीनं देतं की चूक दाखवायला आपल्यालाच संकोच वाटतो. अशा पोराकडून काम करून घ्यायचं तर त्याला आपलं म्हणणं नीट सांगावं लागतं आणि त्याचं उत्तर ताडून पाहावं लागतं. आमचा सगळा धंदा एवढाच.

एवढ्यातही काय काय होतं! कोरपन्याकडे सिमेंट कारखान्यात पोती भरणाऱ्या कंत्राटी कामगारांचा वर्ग होता. पाळी सुटली की चहाच्या टपरीमागे आम्ही बसायचो. तिथल्या रामदासनं बहिणीच्या लग्नासाठी सुट्टीचा अर्ज एआयकडून लिहून घेतला. मराठी अशी काही जड आली, ‘या हृदयद्रावक कौटुंबिक प्रसंगी’ वगैरे, की दुसऱ्या दिवशी रामदास तोंड पाडून आला. "सर, सुट्टी तं भेटली. पण सायेब घरी सांत्वन कराले येतो म्हंते!" त्या दिवसापासून माझ्या वर्गात नियम झाला, लिहून घेतलेलं मोठ्यानं वाचल्याशिवाय कुणालाही पाठवायचं नाही.

सिंदेवाहीजवळच्या एका वर्गात एक धान पिकवणारे आजोबा आले. फोन हातात घेऊन त्यांनी यंत्राला पहिला प्रश्न टाकला, "मी कोन हावो, सांग." यंत्रानं नम्रपणे सांगितलं, मला माहीत नाही. "मंग तुले येते काय?" असं म्हणून आजोबा धोतर झटकत उठले. पुढच्या आठवड्यात मात्र सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते.

आता मला जे खरं सांगायचं आहे, ते कुरखेड्याच्या पलीकडल्या जंगलातलं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जयवंता हेही तिचं खरं नाव नाही. लिहू का म्हणून विचारलं तेव्हा ती म्हणाली, लिहा, पण नाव मी सांगीन ते लिहा. तेच लिहितो आहे.

या गावाची ग्रामसभा जागती आहे. तेंदूपत्ता, बांबू गाव स्वतः विकतं. पण पीकविमा असो, जातीचा दाखला असो की निराधारांची पेन्शन, प्रत्येक कामाला कुरखेडा गाठावं लागे आणि दिवस मोडे. म्हणून ग्रामसभेनं गावातच सुविधा केंद्र काढायचं ठरवलं. संस्था म्हणाली, टॅब देतो, प्रिंटर देतो, सौर बॅटरी देतो. अट एवढीच, की बचत गटाच्या बायांनी एआयचं प्रशिक्षण पूर्ण करावं आणि पास होणाऱ्यांतून एकीनं केंद्र चालवावं. ती एक कोण, हे गावानं मनात आधीच ठरवलं होतं. जयवंता.

जयवंता दहावीपर्यंत शिकलेली, तिशी ओलांडलेली. तिच्यावर एकदा अस्वलानं हल्ला केला होता, एवढंच मला पहिल्या दिवशी कळलं. डाव्या हाताची बोटं मिटत नव्हती. पदर डाव्या गालावरून ओढून घेतलेला, तो कधी सुटायचा नाही. वर्गात भिंतीच्या कडेला, डावी बाजू भिंतीकडे करून बसायची. जंगलात जाणं तिला आता जमत नव्हतं आणि जंगलात जाऊ न शकणारी बाई त्या गावात करणार काय? इतर बाया आणून टाकतील ती मोहाची फुलं वाळवायची, निवडायची, लहान पोरं सांभाळायची. एकदा मला म्हणाली, "सर, बसून खाते मी. कोणी बोलून नाई दाखवत, पर मले समजते ना." केंद्राचं काम तिला मिळालं तर ती पुन्हा आपल्या पायावर उभी राहणार होती. हे मला ठाऊक होतं, गावाला ठाऊक होतं, आणि तिला तर सगळ्यात जास्त.

आणि होतीही तशीच तल्लख. पावसाळ्यात मोहफुलं कशी टिकवावीत, असं बायांनी यंत्राला विचारलं. यंत्र म्हणालं, फुलांचे देठ तिरपे कापून स्वच्छ पाण्यात ठेवा, रोज पाणी बदला. बाया हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. जयवंता मात्र म्हणाली, "त्याची काय चूक वो? त्याले वाटलं हारातले फुलं हाय. आपनच नीट नाई सांगतलं." मग तिनं टॅब ओढून घेतला आणि सांगितलं, हे फूल खायचं आहे, वाळवलेलं आहे, आमच्याकडे हवा ओली असते, घर मातीचं आहे. या वेळी उत्तर असं आलं की गटातल्या थोरल्या कौसल्याबाई म्हणाल्या, "आता आला हा मानसात."

पहिले दोन धडे झाले आणि गाडं अडलं. मी आठवड्यातून एकदा जायचो. मधल्या दिवसांत बायांनी टॅबवर पुढचे धडे स्वतः करायचे होते. कुणाचा धडा कुठवर आला हे नागपूरला संस्थेच्या पडद्यावर दिसायचं. तिथून श्वेता मॅडमचा फोन आला. आमच्या भागाचं सगळं काम त्याच बघायच्या. "सर, त्या गावात दुसऱ्या धड्यापुढे कोणीच गेलेलं नाही. एकसुद्धा नाही. असंच राहिलं तर महिनाअखेर साहित्य परत आणून दुसऱ्या गावाला द्यावं लागेल."

मी गाडीला किक मारली आणि गेलो.

"काऊन वो कौसल्याबाई, धडे का थांबले?"

"रेंज नाई जी."

माझ्या फोनला रेंज होती. मी तसं दाखवलं.

"मंग चार्जिंग नसंल."

टॅब काठोकाठ चार्ज होते. इतर बाया जमिनीकडे बघत होत्या. मी चिडलो. आयटीआयतला जुना आवाज आपोआप निघाला. केंद्र हातचं जाईल, जयवंताचं काम जाईल, हे कळतं का तुम्हाला, असं बरंच बोललो. एकीनं नुसता पाण्याचा तांब्या पुढे केला, आणि त्यानं तर मी जास्तच चिडलो.

गाडी काढून निघालो तर तळ्याच्या पाळीवर मागून हाक आली. जयवंता होती. धापा टाकत आली आणि टॅब माझ्यापुढे धरला. "सर, त्याहिले नका बोलू. माझ्यापायी थांबल्या त्या."

तिनं तिसऱ्या धड्यावर बोट ठेवलं. एका माणसाच्या जागी दुसऱ्यानं धडा करू नये म्हणून तिसऱ्या धड्यापासून आधी चेहऱ्याची ओळख पटवायची सोय होती. कॅमेरा चेहरा बघतो, नोंदणीच्या फोटोशी ताडतो आणि जुळला तरच धडा उघडतो. जयवंताचा नोंदणीतला फोटो होता गटाच्या जुन्या ओळखपत्रावरचा, अस्वलाच्या आधीचा. तिनं पदर थोडा सैल करून टॅब तोंडासमोर धरला. लाल अक्षरं आली: चेहरा जुळत नाही.

"रोज असंच म्हंते," ती म्हणाली. "त्याहिचा उघडते. पर त्या पुढं जात नाईत. मी म्हनली, जा ना बाप्पा तुमी. नाई म्हंते. तुमाले सांगतलं नाई, कारन सांगाचं म्हंजे माझ्या तोंडाचं सांगावं लागते."

म्हणजे परक्या पुरुषासमोर तिच्या चेहऱ्याबद्दल बोलावं लागू नये म्हणून त्या सगळ्या जणींनी माझ्या शिव्या खाल्ल्या होत्या. पुढच्या रस्त्यात मी गाडी फार हळू चालवली.

श्वेता मॅडमला सांगितलं तर त्या म्हणाल्या, मी येते. मला वाटलं म्हणतात तसं म्हणाल्या. पण आल्या खऱ्या, नागपूरहून, रस्त्यात दोन गाड्या बदलून. समाजमंदिरात बाया जमल्या. मॅडमनी प्रेमानं, समजुतीनं सांगितलं, "मावशी, जयवंताताईंची अडचण मी सोडवायचा प्रयत्न करते. पण त्याला वेळ लागला तर? तोवर बाकीच्यांनी पुढे जायला काय हरकत आहे? निदान साहित्य तरी गावात राहील. त्यांचं नंतर बघू."

"नंतर म्हंजे कवा?" कौसल्याबाईंनी विचारलं.

मॅडम खोटं बोलल्या नाहीत. "ते मला आत्ता सांगता येणार नाही."

"बरोबर हाय मॅडमचं," जयवंता भिंतीकडून म्हणाली. "मी बी तेच म्हनते. जा तुमी पुढं."

"तू चूप बस," कौसल्याबाई म्हणाल्या आणि मॅडमकडे वळल्या. "पोरी, तुले सांगते. मोहाच्या दिवसात आमी अंधारातच जातो. त्या दिवशी बी गेलो. टोपल्या भरल्या अन् निघालो. गोष्टी करत, हासत. ही जयवंता मांगं होती. आमाले वाटलं, येऊन राह्यली. कोनी वळून नाई पाह्यलं. नाल्यापाशी आलो, तवा हिचा आवाज आला." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "धावत गेलो, पर तोवर होऊन गेलतं. तवापासून आमच्यात ठरलं. एक राह्यली तं सगळ्या थांबते. आता तुमी म्हनता, हिले मांगं ठेवून पुढं जा. आमी एकदा गेलो होतो ना, पोरी. आता नाई जात."

जयवंता रडत होती, पदराआड. ही गोष्ट तिनं आजवर कधी तक्रार म्हणून सांगितली नव्हती, आणि त्या बाया ती कधी विसरल्या नव्हत्या.

श्वेता मॅडम उठून अंगणात गेल्या. त्यांचा फोनवरचा आवाज आत येत होता. ॲप बनवणाऱ्यांशी बोलत होत्या. आधी हळू, मग मोठ्यानं. थोड्या वेळानं आत आल्या आणि जयवंताजवळ जमिनीवर बसल्या. "नवा फोटो घेऊन नोंदणी पुन्हा करता येते. पण पूर्ण चेहरा लागेल. उजेडात. पदर न घेता. ताई, तुम्हाला नको असेल तर मी दुसरं काही बघते."

दाराशी गावातले पुरुष टेकून उभे होते. त्यांना बाहेर काढावं आणि आपणही निघावं म्हणून मी उठलो.

"बसा सर," जयवंता म्हणाली. "तुमी कुठी चालले?"

ती उठली आणि सगळ्यांमधून चालत अंगणात गेली. उन्हात उभी राहिली. डोक्यावरचा पदर तिनं खाली घेतला आणि कमरेला खोचला, धान रोवायला बाया खोचतात तसा. डाव्या बाजूला कपाळापासून हनुवटीपर्यंत कातडी ओढली गेली होती आणि डोळ्याच्या जागी डोळा नव्हता. तिनं मान सरळ ठेवली. "काढा म्हनलं."

मला रडू आलं असं लिहिलं तर संपादक ते वाक्य काढतील. पण आलं.

मॅडमनी टॅब धरला. पडद्यावर आलं, कृपया दोन्ही डोळे उघडे ठेवा. पुन्हा धरला. कृपया दोन्ही डोळे उघडे ठेवा. तिसऱ्यांदा तेच. आम्ही सगळे कानकोंडे होऊन उभे. तेवढ्यात जयवंता बोलली, "किती डाव पाहते गा हा? अस्वलानं बी एवढा टाइम नोहता घेतला!"

क्षणभर कोणाला कळेना, हसावं की नाही. मग कौसल्याबाईंना हसू फुटलं आणि मग सगळ्यांनाच. त्या अस्वलावर गाव पहिल्यांदाच हसत होतं.

मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्या फोनवर कडाडल्या, "अहो, उघडा ठेवा काय म्हणता? तो डोळा नाहीये! बाई माझ्या समोर उभी आहे. मी बघते आहे तिला." पलीकडचा मुलगा बहुधा गांगरला. मग त्यानं मार्ग सांगितला. यंत्राला ओळख पटत नसेल तर अधिकारी माणसाला समक्ष पाहून स्वतःच्या जबाबदारीवर मंजुरी देऊ शकतो. सोय पहिल्यापासून होती. कोणी वापरली नव्हती, कारण कोणी इतक्या लांब आलंच नव्हतं. "माझ्या नावावर घ्या," मॅडम म्हणाल्या. तिसरा धडा उघडला. त्या बाया मग जमिनीवर गोल करून बसल्या आणि एकमेकींच्या तोंडाकडे बघत सगळ्या जणींनी तो धडा एकत्र केला.

पुढचं सरळ झालं असं म्हणावं, तर तसंही नाही. परीक्षा झाली आणि कौसल्याबाई नापास झाल्या. झालं! त्या पास होईपर्यंत बाकी कोणी प्रमाणपत्र घ्यायला तयार होईना. मॅडमचा फोन आला, "सर, आता काय करू?" मी म्हटलं, थांबा, दुसरं काय करणार? कौसल्याबाईंना पुढचा आठवडाभर अख्ख्या गावानं शिकवलं. सुनेनं चुलीपाशी, नातीनं विहिरीवर. पास झाल्या तेव्हा त्या मला म्हणाल्या, "मी नापास झाली म्हनून तं पोरीहिचा चांगला अभ्यास झाला."

मला हळहळ वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. ज्या गावांत कोणी कोणासाठी थांबलं नाही, तिथं सगळं सुरळीत दिसलं. पडद्यावर नावं पुढे सरकत गेली आणि एखादं मागं राहिलं तर त्यापुढे ‘गैरहजर’ असं आलं. त्यातलं कोण खरंच गैरहजर होतं आणि कोणाच्या तोंडावर रोज लाल अक्षरं येत होती, हे आता कोण सांगणार? संस्थेनं त्यानंतर मंजुरीचा अधिकार आम्हा शिकवणाऱ्यांनाही दिला. मी तो सढळ हातानं वापरतो. उन्हानं रापलेल्या, बदललेल्या चेहऱ्यांचे लोक आमच्या भागात कमी नाहीत.

परवा त्या गावावरून जात होतो. केंद्रात डोकावलो. भिंतीवर ग्रामसभेचा ठराव, खाली सौर बॅटरी, आणि टेबलामागे जयवंता. एक म्हातारे गृहस्थ समोर बसले होते, पलीकडच्या गावचे. पेन्शन सुरू राहायची तर दरवर्षी आपण जिवंत आहोत हे दाखवावं लागतं. ते चेहरा पाहून मोबाइलच ठरवतो आणि मोबाइल म्हाताऱ्याला काही केल्या मान्य करेना. ते तोंड वर करत, बाजूला करत, टोपी काढत. शेवटी थकून त्यांनी खिशातून सुपारी-तंबाखूची पन्नी काढली आणि तळहातावर खर्रा घोटायला घेतला.

जयवंतानं दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा केला नाही. फोन बाजूला ठेवला, खुर्ची पुढे ओढली आणि म्हाताऱ्याला नाव, गाव, घरचे सगळे विचारले. कार्डावरचा जुना फोटो हातात धरून त्यांच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिनं पेन्शनच्या मदत केंद्राला फोन लावला.

"हो जी, मशीन नाई म्हंते. पर जिवंत हाय. मी सोता पाहून राह्यली. नाई जी, पक्की ओळख पटली. एकच डोळा हाय मले, पर साफ दिसते. आता काय सांगू तुमाले, माझ्यासमोर बसून खर्रा घोटून राह्यला!"

म्हातारा दचकला. हातातली पन्नी त्यानं पटकन मांडीखाली सरकवली. "खर्र्याचं काऊन सांगतं वो माय? पेन्शन बंद करून टाकतील ना!"

जयवंता हसली, तोंडभरून, त्या परक्या म्हाताऱ्याच्या समोर.